गिरणीच्या बागेतला भोंगा

"चालू करा की!" खालून आप्पासाहेब ओरडले.

मी कडुलिंबाला टेकवलेल्या शिडीवर होतो. माझ्या डोक्याशेजारी हॉर्न बांधलेला होता आणि त्यातून रेडिओवरचे बाजारभाव केव्हाचे सुरू होते. माझे दात हलत होते. टाइमकीपर जोशी दोन्ही कानांवर हात दाबून गुलाबाच्या वाफ्यामागे उभे होते. वॉचमनची म्हैस दावं तोडून कॉलनीच्या दिशेनं निघून गेली होती.

"चालूच आहे, साहेब!"

"आँ?"

मी मान जोरजोरात हलवली आणि बोटानं हॉर्न दाखवला. आप्पासाहेबांनी डोळे बारीक करून हॉर्नकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मोठा करा. डास गुणगुणल्यागत येतंय."

हे सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी एका कापडगिरणीत ज्युनियर इंजिनिअर म्हणून नुकताच लागलो होतो, इलेक्ट्रिकल खात्यात. शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहत होतो. नोकरी प्रोबेशनवर होती. म्हणजे काम पसंत पडलं तर कायम, नाही तर राम राम. आणि पसंत पडायचं ते आप्पासाहेबांच्या.

आप्पासाहेब आमचे जनरल मॅनेजर. पूर्वी ते साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे जिथं माग चालतात ते खातं, लूमशेड. तिथं पोरवयात कामाला लागून, जॉबर म्हणजे मुकादम, मग मास्तर असं करत करत ते मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत आले होते. घरी कन्नड, गिरणीत मराठी, आणि दोन्हीकडे आवाज एकच, शेडच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेल असा. त्यांच्या केबिनमध्ये चाललेली गुप्त चर्चा आम्हाला कँटीनमध्ये कळायची.

कामगारांच्या कॉलनीला लागून त्यांनी एक बाग करवून घेतली होती. लॉन, कारंजं, बाकं, सगळं झालं होतं. उद्घाटनाला मुंबईहून चेअरमन यायचे होते. तेवढ्यात आप्पासाहेबांच्या मनात आलं, की बागेत संध्याकाळी गाणी लागली पाहिजेत. मला बोलावणं आलं.

"इंजिनिअर, बागेत स्पीकर पायजेत. तीन अटी हायत. स्वस्त पायजे. पावसात टिकला पायजे. आनि खणखणीत पायजे. चेअरमनचं भाषण साचेखात्यातल्या शेवटच्या मानसाला ऐकू गेलं पायजे. न्हाय गेलं, तर तुमच्या प्रोबेशनचं आपन परत बघू."

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. उघड्यावर लावायचे स्पीकर तेव्हा मुख्यतः दोन जातींचे मिळायचे. एक हॉर्न, म्हणजे लग्नात आणि निवडणुकीत असतो तो पत्र्याचा कर्णा. स्वस्त, पावसाला न भिणारा, आवाज लांब फेकणारा. पण तो फक्त मधले आणि चिरके सूर बाहेर काढतो. तबल्याची थाप, ढोलकीचा घुमारा त्याच्या गळ्यातून उतरतच नाही. दुसरी जात पेटीची. लाकडी खोक्यात कागदी कोन बसवलेला असतो. त्यातून खालचे सूरही येतात, पण कागद पावसात भिजला की खेळ संपला. तीन अटी समोर ठेवल्यावर कुणीही हॉर्नच निवडला असता. मीही तोच निवडला.

पहिली अडचण शब्दाची आली. हॉर्नला आमच्याकडे भोंगा म्हणतात. गिरणीच्या शिट्टीलाही भोंगाच म्हणतात, आणि सोलापुरात तेव्हा घड्याळापेक्षा त्या भोंग्यावर लोकांचा जास्त भरवसा होता. "बागेत भोंगा बसवणार" ही बातमी कॉलनीत पसरली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर चार माणसं उभी. बागेत कोणती शिफ्ट सुरू होणार आणि त्यात कुणाला घेणार, हे त्यांना विचारायचं होतं. एकानं तर माळीकामाचा अनुभवही सांगून टाकला.

त्यांची समजूत घालून मी लाऊडस्पीकरवाल्या इस्माईलभाईंकडे गेलो. विकत घेण्याआधी त्यांच्याकडून हॉर्न भाड्यानं आणून बागेत लावून बघायचे, असा माझा विचार होता. ही पद्धत चांगली आहे. फक्त ऐकणारी माणसं नीट निवडावी लागतात. ती निवड आप्पासाहेबांनी स्वतः केली. एका बाजूला ऑफिसची माणसं, म्हणजे जोशी टाइमकीपर, अकाउंट्सचे लोक, टायपिस्ट. दुसऱ्या बाजूला साचेखात्यातली जुनी माणसं आणि त्यांचा जॉबर अंबादास. मध्ये स्वतः आप्पासाहेब.

पहिल्या दिवशी दोन हॉर्न लावले. ऑफिसवाले म्हणाले, फार मोठा आवाज आहे. साचेखातं म्हणालं, ऐकू येत नाही. आप्पासाहेब म्हणाले, "बघा, मानसं म्हनतात ते खोटं का?"

दुसऱ्या दिवशी चार हॉर्न लावले. ऑफिसवाले म्हणाले, डोकं दुखतं. साचेखातं म्हणालं, काहीतरी येतंय, पण काय ते कळत नाही.

"का कळत नाही?" मी अंबादासला विचारलं.

तो हॉर्नच्या अगदी समोर बसला होता आणि त्याच्याकडे टक लावून बघत होता. म्हणाला, "बोलनाऱ्याचं तोंडच दिसंना, साहेब. कसं कळायचं?"

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. मी वायरिंग तपासलं. अँप्लिफायर तपासला. अँप्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र. हॉर्नच्या मागची युनिटं उघडून बघितली. सगळं ठणठणीत. तिसऱ्या दिवशी आणखी हॉर्न मागवले. इस्माईलभाईंनी ते स्वतः आणून दिले आणि मला बाजूला घेतलं.

"इंजिनिअरसाब, उरूस को भी इत्ते नै लगाते. लगाना है तो लगाव, मेरा क्या. मगर आपके जनरल मॅनेजर को सुनाना है, या पंढरपूर तक सुनाना है?"

तो शिडीचा प्रसंग त्याच संध्याकाळचा. म्हैस त्याच संध्याकाळी गेली. आणि त्याच संध्याकाळी बागेच्या भिंतीपलीकडच्या मंगल कार्यालयात गोरज मुहूर्तावर एक लग्न होतं.

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. मंगलाष्टकं चालू होती. वधूवरांच्या मध्ये अंतरपाट धरलेला. भटजींचा आवाज बारीक. आमच्या हॉर्नमधून मालदांडी ज्वारीचे भाव भिंत ओलांडून आत येत होते, तिकडे लोकांनी निग्रहानं दुर्लक्ष केलं. पण बाजारभावानंतर शेतकऱ्यांसाठी सूचना लागल्या. कपाशीवर बोंडअळी दिसू लागली आहे, शेतकऱ्यांनी सावधान! हा शेवटचा शब्द सगळ्या हॉर्नमधून एकदम गेला. मांडवात अक्षता घेऊन तयार असलेल्या पाहुण्यांनी तो ऐकला आणि सवयीनं अक्षता टाकल्या. अक्षता उडालेल्या बघून बँडवाल्यांनी बँड सुरू केला. बँड वाजला म्हणून ज्यांनी अंतरपाट धरला होता त्यांनी तो खाली घेतला. नवरीनं हार घातला. भटजी तिसऱ्या मंगलाष्टकात होते.

थोड्याच वेळात नवरीचे मामा बागेत आले. माढ्याकडचे गृहस्थ, फेटा आणि फेट्याला शोभेल अशी मिशी. मिशीनं वरचा ओठ झाकला होता, खालचाही बऱ्यापैकी झाकला होता. मी घाईघाईनं आवाज बंद केला आणि शिडीवरून उतरलो. मामा थेट आप्पासाहेबांपुढं उभे राहिले.

"आमच्या पोरीचं लगीन लागलं का न्हाय, ते सांगा!"

"व्हय, व्हय," आप्पासाहेब हसून म्हणाले. "आनि अजून मोठा करनार हाय."

"बोंडआळीवर लगीन लावलं तुमी! बोंडआळीवर!"

"आभारी हाय. समद्या गावाला ऐकू गेलं पायजे, ह्योच विचार हाय आपला."

मामा एवढ्या मोठ्यानं ओरडत होते, की जोशींनी परत कानांवर हात ठेवले. आणि आप्पासाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना कारंजं दाखवायला निघाले. मामांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी फेटा सावरला आणि बाह्या वर करायला सुरुवात केली. मी मध्ये पडणार, तेवढ्यात धापा टाकत भटजी आले. सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेले. एवढे दमले होते, की त्यांचा आवाज मला शेजारी उभं राहूनही जेमतेम आला.

"मुहूर्त अजून टळलेला नाही. परत लावतो. पण तेवढा वेळ हे बंद ठेवा."

आप्पासाहेब ताडकन वळले. "बंद! समदं बंद! अवो, मानसांच्या घरचं लगीन हाय! मला आदी कुनी सांगितलं का न्हाय?"

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही बघत राहिलो. बोंबलून बोललेलं ऐकू येत नाही आणि कुजबुजलेलं ऐकू येतं, असा कान मी पाहिला नव्हता. मग मला मिशी आठवली. अंबादासचं बोलणं आठवलं. आप्पासाहेब माझ्याशी बोलताना नेहमी माझ्या डोळ्यांकडे न बघता हनुवटीकडे बघत, तेही आठवलं. मला इतके दिवस वाटायचं, माझी दाढी नीट होत नाही.

लग्न परत लागलं. नवरीनं परत हार घातला. मामांना आम्ही गिरणीची चादर दिली. ती त्यांनी घेतली, पण कारंजं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते गिरणीत गेले होते, हे बघूनच गेलो. त्यांच्या मंडळींना सगळी गिरणी अक्का म्हणायची. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या.

"अक्का, साहेबांना ऐकायला..." मी अडखळलो.

"कमी येतंय," अक्का म्हणाल्या. "लई वर्सं झाली. त्ये ऐकत न्हाईत, बगत्यात. समोरच्याच्या ओटाकडं बगून वळकत्यात. साचेखात्यातली समदीच तशी की. तितं मागाच्या खडखडाटात कुनाचं ऐकू येतंय? घरात हाक मारायची झाली, तर मी दिव्याचं बटन वर-खाली करते."

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगितलं की."

"काय म्हणाले?"

"त्यास्नी ऐकू आलं न्हाय."

मी परत निघालो. रस्ताभर विचार करत होतो. जनरल मॅनेजरला तुम्ही बहिरे आहात असं सांगणारा प्रोबेशनवरचा इंजिनिअर किती दिवस टिकेल, याचा हिशोब सोपा होता. न सांगावं, तर बागेत हॉर्न वाढत जाणार, आणि चेअरमनच्या भाषणाला सगळं सोलापूर हजर असणार, फक्त साचेखातं सोडून. तेव्हा मी ठरवलं, आपण काहीच सांगायचं नाही. टेस्ट घ्यायची. आप्पासाहेबांना टेस्ट हा शब्द फार आवडायचा. सुताची टेस्ट, कापडाची टेस्ट, रंगाची टेस्ट.

शुक्रवार पेठेत माझ्या ओळखीचे एक रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांच्याकडून ऑसिलेटर आणला. हे एक छोटं यंत्र असतं. त्याची चकती फिरवली, की एकच एक सूर निघतो. हवा तेवढा जाडा किंवा हवा तेवढा बारीक. हॉर्नमधून जाडे सूर निघत नाहीत, म्हणून कामगार कल्याण केंद्राच्या नाटकमंडळाची जुनी लाकडी पेटी उचलून आणली. तिच्यात मोठा कोन होता. पेटी बाकावर ठेवली. ऑफिसवाले आणि साचेखातं, दोन्ही बाजूंना बसवले.

"सूर ऐकू आला, की हात वर करायचा. थांबला, की खाली," मी आप्पासाहेबांकडे तोंड करून, नीट ओठ हलवून सांगितलं.

मी जाड सुरापासून सुरुवात केली. पेटी घुमली आणि सगळ्यांचे हात वर गेले. अंबादासचा हात तर सगळ्यांच्या आधी. सूर थोडा बारीक केला. हात वर. आणखी बारीक केला. आता ऑफिसवाल्यांचे हात चटकन वर गेले आणि साचेखात्याचे एकेक करून, जरा उशिरानं गेले. आप्पासाहेबांचाही गेला. मी नीट बघितलं, तर सगळं साचेखातं ऑफिसवाल्यांकडे बघून हात वर करत होतं.

"आता डोळे मिटून करूया, साहेब. टेस्ट पक्की होते."

"मिटा रे डोळे!" आप्पासाहेबांनी हुकूम सोडला आणि आधी स्वतःचे मिटले.

मी चकती फिरवली. सुईसारखा सूर निघाला. कारंज्यावरचे कावळे उडाले. ऑफिसवाल्यांचे हात वर. टायपिस्ट बाईंनी एका हाताने कान दाबून दुसरा वर केला होता. साचेखातं गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून, शांत बसलेलं. त्यांच्यात आप्पासाहेब. कुणाचंही बोट हललं नाही. मी आवाज वाढवला. जोशींचा चेहरा वाकडा झाला. साचेखातं पूजेला बसल्यासारखं बसून होतं.

सूर बंद करावा, हे मला सुचलंच नाही. आता पुढं काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

बराच वेळ गेला, तेव्हा आप्पासाहेबांनी एक डोळा उघडला. समोर ऑफिसची सगळी माणसं हात वर करून बसलेली. त्यांनी दुसरा डोळा उघडला. डावीकडं अंबादास, उजवीकडं अंबादासची माणसं, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. तो पण गुडघ्यावर होता.

"चालू हाय?" त्यांनी मला विचारलं. नेहमीच्या आवाजात नाही. त्यांना एवढं हळू बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"चालू आहे, साहेब."

ते उठले आणि पेटीजवळ आले. पेटीवर तळहात ठेवला. सूर त्यांना हाताला लागला असावा, कारण त्यांनी मान हलवली. मग वळून साचेखात्याकडं बघत राहिले. ती सगळी अजून डोळे मिटून बसली होती. थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कळलं नसतं. अंबादासच्या बापाला आप्पासाहेबांनीच कामावर घेतलं होतं, अंबादासलाही.

माझं प्रोबेशन संपलं, असं मी धरून चाललो.

"इंजिनिअर," आप्पासाहेब म्हणाले, "ह्यांना पयला जाडा आवाज ऐकू आला हुता की न्हाय?"

"आला होता, साहेब. तुम्हालाही आला होता."

"मग तसला स्पीकर काडा की. बाग ह्यांच्यासाठी हाय. चिमन्यांसाठी न्हाय." आणि मग नेहमीच्या आवाजात, "डोळे उगडा रे! टेस्ट झाली!" कुणी उघडले नाहीत. तेव्हा त्यांनी अंबादासच्या खांद्यावर थाप मारली.

पुढचं काम सोपं होतं. मागाच्या आवाजानं कान जातो तो आधी बारीक सुरांचा जातो. जाडे सूर बरेच दिवस शिल्लक राहतात. आणि आमचे हॉर्न नेमके जे सूर या लोकांना येत नव्हते, तेच जिवाच्या आकांतानं ओरडत होते. म्हणून मी हॉर्न परत केले आणि पेट्या करायला घेतल्या. गिरणीत मशिनरी ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या गोडाउनमध्ये पडून होत्या. सुतारानं त्यातून पेट्या केल्या. एका जुन्या टॉकीजमधून काढून टाकलेले कोन स्वस्तात मिळाले. पावसासाठी वरून पत्र्याची टोपी, समोर मच्छरदाणीची जाळी, आणि स्पीकरचं तोंड थोडं खाली. पेट्या उंच झाडावर न लावता प्रत्येक बाकाशेजारी एक, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवल्या. जवळ ठेवलेला लहान आवाज लांबून फेकलेल्या मोठ्या आवाजापेक्षा बरा. हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते खरं आहे, हे तेव्हा कळलं.

पहिल्या संध्याकाळी भजन लावलं. मृदंगाची थाप पडली आणि साचेखात्यातली माणसं माना डोलवू लागली. ऑफिसवाले शेजारच्या बाकावर आरामात गप्पा मारत होते. जोशी टाइमकीपर मला विचारायला आले, "चालू आहे ना?" मी पेटीवर हात ठेवून बघितला. ते चेष्टा करत होते.

पण भाषणाचं काय? थाप ऐकू येते म्हणजे शब्द कळतात असं नाही. त्यासाठी आम्ही साचेखात्याला अगदी पुढच्या रांगेत बसवलं आणि व्यासपीठावर चांगला उजेड केला. चेअरमनना मिशी नव्हती. एवढं मी आधी चौकशी करून ठेवलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी चेअरमन उभे राहिले, चष्मा लावला आणि छापील भाषण तोंडासमोर धरून वाचू लागले. भाषण बरंच जाडजूड होतं. पुढच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. मग अंबादास उठून ओरडला, "कागद खाली!" मागोमाग सगळी रांग. "कागद खाली! कागद खाली!"

चेअरमन पांढरे पडले. कामगारांच्या मागण्यांचा विषय त्या वर्षी बराच तापलेला होता. ते आप्पासाहेबांकडे वाकले आणि कुजबुजले, "काय मागणी आहे यांची?"

आप्पासाहेबांनी त्यांच्या ओठांकडं बघून लगेच उत्तर दिलं. "काय न्हाय, साहेब. तोंड दाखवा म्हनत्यात."

हे उत्तर बागेतच नाही, कॉलनीतही ऐकू गेलं. चेअरमनना त्याचा अर्थ काय वाटला कोण जाणे. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुढच्या रांगेकडे बघत सावकाश सांगितलं, की बाग तुमची आहे, झाडं जपा, फुलं तोडू नका. आणि खाली बसले. त्यांच्या हयातीत त्यांच्या भाषणाला तेवढ्या टाळ्या कधी पडल्या नसाव्यात.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलंच, हा काय प्रकार होता. आप्पासाहेबांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. "आमचे कान मागाला गेले, साहेब. ह्यांचेबी चाललेत." त्यानंतर साचेखात्यात कानात घालायला कापूस मिळू लागला. कापसाच्या गिरणीत इतकी वर्षं ते कुणाला सुचलं नव्हतं. कापसानं आवाज विशेष अडत नाही, हे पुढं समजलं. मग रबरी बुचं आली. ती लोक खिशात ठेवायचे.

मी कायम झालो. बागेच्या स्पीकरची जबाबदारीही माझ्याकडे कायम झाली, ती मी गिरणी सोडेपर्यंत सुटली नाही.

नंतरच्या आयुष्यात सभागृहं, देवळं, शाळा, बऱ्याच ठिकाणी स्पीकर बसवले. अजूनही कुणी आवाज येत नाही अशी तक्रार केली, तर मी लगेच स्पीकर उघडत नाही. तक्रार करणाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो आणि हळूच त्याचं नाव घेतो. त्यानं वळून पाहिलं, तरच स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढतो.